सासूबाई आणि भाचीला ठाणे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) दाखवायचेत. ऐरोली की सीवूड्स, आणि किती वाजता जायचं?

कळवेकर

नमस्कार मंडळी. महाशिवरात्रीनंतरच्या शनिवारी लातूरहून माझ्या सासूबाई, नणंद आणि तिची नऊ वर्षांची मुलगी येताहेत. शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस हातात आहेत. सासूबाई बहात्तरच्या. सपाटीवर हळूहळू चालतात, चढ आणि जिने नकोत. भाचीला पक्ष्यांचं अतोनात वेड आहे. रोहित पक्षी बघायचेच असं तिने फोनवर दहादा बजावलंय, आणि ते गुलाबी का असतात हे मला आधी पाठ करून ठेवायला सांगितलंय!

आम्ही राहतो कळव्याला, पण खाडी रोज दिसते ती फक्त पुलावरून. ऐरोलीला होडीची फेरी असते असं ऐकलंय. काही जण म्हणतात होडी कशाला, सीवूड्सच्या तळ्यावर रस्त्यालगतच दिसतात. ऑफिसातली एक मैत्रीण मागच्या महिन्यात दुपारी गेली होती, तिला लांबवर एक गुलाबी रेघ तेवढी दिसली. म्हणून विचारते: कुठे जायचं, किती वाजता, आणि तीन दिवसांत अजून काय जमेल? गाडी नाही. लोकल आणि रिक्षा.

तलावपाळी

पाहुणे ठाण्यात उतरणार असतील तर पहिली संध्याकाळ मासुंदा तलाव आणि कौपिनेश्वर. सगळं सपाट, बसायला जागा भरपूर, सासूबाईंना देवदर्शनही होईल. भाचीला ठाणे स्टेशनही आवर्जून दाखवा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथेच येऊन थांबली होती. ठाण्याचा किल्ला मात्र आतून बघता येत नाही, तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. खाडीचं मला फारसं कळत नाही, जाणकार सांगतीलच.

पाणथळ

कळवेकर, मी नेरुळला राहते, निवृत्त शिक्षिका आहे. पाम बीच रस्त्यापलीकडच्या पाणथळींवर पक्षी बघायला बरीच वर्षं जाते आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या मैत्रिणीसारखे निराश होऊन परतणारे लोक मला दर रविवारी भेटतात.

तुमच्या प्रश्नात ऐरोली आणि सीवूड्स ही दोन ठिकाणं आहेत. पक्षी मात्र एकच आहेत, दिवसभर ते या दोन्हींच्या दरम्यान ये-जा करतात. खाडीला ओहोटी लागली की मैलोगणती गाळ उघडा पडतो. रोहितांचं जेवण त्या गाळात असतं, म्हणून ते तिथे पांगतात. पाणी चढायला लागलं की गाळ बुडतो आणि त्यांना उभं राहायला जागा उरत नाही. मग त्यांतले पुष्कळसे थवे उडून सीवूड्स-नेरुळच्या उथळ तळ्यांत येतात आणि भरती उतरेपर्यंत तिथे विसावतात. म्हणजे ओहोटीला तळं रिकामं आणि भरतीला भरलेलं. तुमची मैत्रीण बहुतेक ओहोटीला गेली असणार. दुपार होती की सकाळ, याने काही फरक पडत नाही.

तेव्हा वेळ भरतीच्या कोष्टकावरून ठरवा. तळ्यावर जायचं तर पूर्ण भरतीच्या तासभर आधी पोहोचा आणि नंतर तासभर थांबा. थवे उतरताना बघणं हे बसलेले पक्षी बघण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. उडताना पंखांखालचा लालभडक आणि काळा रंग दिसतो, उभ्या पक्ष्यात तो झाकलेला असतो.

आता ऐरोली. तिथे कांदळवन (खारफुटी) विभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. सोमवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा. होडीची फेरी तिथूनच निघते. होडीला पाणी लागतं, त्यामुळे फेरीच्या वेळा रोज भरतीप्रमाणे बदलतात. आधी नोंदणी करून वेळ विचारूनच घरून निघा. या फेरीत तुम्ही खाडीच्या मधोमध जाता आणि दोन्ही काठांची खारफुटी दिसते. सासूबाईंना होडीत चढता-उतरताना हात धरायला कुणीतरी शेजारी असू द्या, बाकी त्यांना काहीच त्रास नाही. पाणी फार चढलेलं असेल तर रोहित कमी दिसतील. गाळाच्या कडा उघड्या असतानाची फेरी मिळाली तर सोनं.

केंद्राच्या आवारातही घाई करू नका. तिथे खारफुटीतून जाणारी पायवाट आहे. तिवरांच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली मुळं भाचीला दाखवा. भरतीत बुडणाऱ्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. तिवराच्या पानाची खालची बाजू वरच्यापेक्षा फिकट असते, आणि पानावर मिठाचे कण सापडतात. झाड नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं. बोट फिरवून जिभेला लावू द्या तिला. चिपीचं झाड दिसलं तर सांगा की पांढरी चिपी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. चिखलावर निवट्या उड्या मारत असतील. मासा असून ओल्या कातडीतून हवा घेतो आणि परांवर सरपटतो. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले छोटे खेकडे ती नांगी हलवत असतात, ते नर. मोठ्या माणसांना रोहित हवे असतात, मुलं मात्र निवट्यांपाशी तासन् तास रमतात, हे मी शाळेच्या मुलांना नेताना पाहिलंय.

गुलाबी का, हे पाठ करायला सोपं आहे. आपल्याकडे मोठा रोहित आणि छोटा रोहित असे दोन येतात, खाडीत भरणा छोट्याचा. छोटा रोहित मुख्यतः चिखलातलं अतिसूक्ष्म शेवाळ खातो. त्या शेवाळात गाजरात असतं तसल्या जातीचं रंगद्रव्य असतं, ते पिसांत उतरतं. पिल्लं राखाडी असतात, पूर्ण गुलाबी व्हायला त्यांना तीन-चार वर्षं लागतात. थव्यात मळकट राखाडी पक्षी दिसले तर ते आजारी नाहीत, लहान आहेत. जेवताना मान खाली घालून चोच उलटी धरतात. जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतात आणि चोचीच्या कडेच्या बारीक चाळणीत शेवाळ अडकतं. ओळखायची खूण: छोट्याची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. मोठ्याची चोच फिकट गुलाबी, फक्त टोक काळं, आणि तो उंचीला बराच जास्त.

नोव्हेंबरच्या सुमारास येऊ लागतात, पाऊस तोंडावर आला की जातात. बरेचसे कच्छ-सौराष्ट्राकडून येतात, कच्छच्या रणात त्यांची चिखलाची घरटी असतात. तुमचा फेब्रुवारी-मार्च म्हणजे अगदी भराचा काळ.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ठाणे खाडीतलं रोहित अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झालं. सुमारे १,६९० हेक्टर, मालवणनंतर राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली, नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातली तिसरी. या सगळ्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण अभयारण्याची हद्द ऐरोली आणि वाशी या पुलांच्या दरम्यान आहे. भरतीला पक्षी जिथे येऊन उभे राहतात ती सीवूड्सची तळी त्या हद्दीबाहेर पडली. जेवणाची जागा राखली, बसायची जागा मोकळी सोडली. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या डीपीएस शाळेजवळच्या डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी येणं थांबलं, तळं सुकलं, आणि त्या आठवड्यांत परिसरात रोहित मेले. मी ते सुकलेलं तळं पाहिलंय. त्याच मे महिन्यात घाटकोपरला विमानाला धडकून तीसहून जास्त रोहित गेले, तेही विसरता येत नाही. तळ्यासाठी इथल्या रहिवाशांनी पत्रं लिहिली, काठावर उभे राहिले. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तळ्याला संवर्धन राखीव म्हणून मंजुरी दिली. तळ्याला भरतीचं पाणी मिळत राहिलं पाहिजे, बाकी पक्षी आपलं आपण बघतात. म्हणून तुमच्या भाचीने ऐरोलीच्या होडीबरोबर हे तळंही बघावं असं मला फार वाटतं. दोन्ही बघितल्याशिवाय खाडी कशी चालते ते कळत नाही.

शिवडी_साइडिंग

शिवडीला विसरू नका कुणी! १९९० च्या दशकापासून लोक रोहित बघायला शिवडीच्या जेट्टीवर येताहेत. तिथे पाणी चढत येतं तसे पक्षी काठाकडे सरकतात, दुर्बिणीशिवायही छान दिसतात. वर १६८० चा शिवडी किल्ला आहे, आणि समोर अटल सेतू. एकवीस किलोमीटर आठशे मीटर लांब, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. फक्त स्टेशनपासून जेट्टीपर्यंतचा रस्ता ट्रकांचा आणि धुळीचा आहे, आजींना घेऊन टॅक्सीच करा.

दिवाळे_बंदर

पाणथळताईंनी कोष्टक बघायला सांगितलंय, ते बरोबरच. पण कोष्टक हाताशी नसेल तर कळवेकरताई, कॅलेंडरवरची तिथी बघा. आमच्या घरी आजोबांपासून हाच हिशोब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे चार, चाराचे पाऊण तीन. तीन वाजता भरती, दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळेला. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. पुनव-अवसेला मोठं उधाण, तेव्हा पाणी वर खूप चढतं आणि सुकतीला लांबवर उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी ना धड चढत ना उतरत. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, आणि पाणी ऐरोलीपर्यंत पोचायला बंदरापेक्षा थोडा उशीर लागतो, तेवढं धरून चाला.

बेलापूरला उतरलात तर सकाळी दिवाळ्याच्या मासळी बाजारात या. होड्या लागल्यावर मासळी टोपलीतून उतरताना भाचीला बघता येईल. बोंबील, कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, सगळं. चिंबोऱ्या फग नावाचं जाळं लावून धरतात, विचारलंत तर कुणीही दाखवेल. अवसेच्या सुमाराला चिंबोरी भरलेली मिळते असं आमच्याकडे पक्कं मानतात.

खाडीबद्दल एकच सांगतो. लोक रोहित बघायला येतात, पक्ष्यांचे फोटो काढतात आणि खारफुटीकडे पाठ करून उभे राहतात. मासळीची पिल्लं त्या मुळांतच वाढतात. तिवरं गेली तर आमची जाळी रिकामी येतील आणि तुमचे रोहितही कमी होतील. माझे वडील खाडीत जायचे तेव्हा घराजवळ जी मासळी मिळायची, तिच्यासाठी आता आम्हाला पार लांब जावं लागतं. पोरीला तेवढं समजावून सांगा, मोठी झाल्यावर कामाला येईल.

कळवेकर

पाणथळताई, दिवाळे_बंदर दादा, किती मनापासून लिहिलंत! कालनिर्णय उघडून बसले. शनिवारी फाल्गुन शुद्ध चतुर्थी, रविवारी पंचमी, सोमवारी षष्ठी. पाऊणपट केली: शनिवारी तीन, रविवारी पावणेचार, सोमवारी साडेचार. बरोबर ना?

म्हणजे शनिवारी ऐरोली, कारण सोमवारी केंद्र बंद. सोमवारी सीवूड्सचं तळं. मग रविवारी घारापुरी करावी का? सासूबाईंना लेणी बघायची फार इच्छा आहे, पण पायऱ्या ऐकून छातीत धडकी भरली. आणि फोटोसाठी नवऱ्याने मोठा कॅमेरा आणलाय, संध्याकाळचा उजेड कसा असतो तळ्यावर?

पाणथळ

हिशोब अगदी बरोबर.

घारापुरी रविवारीच करा, सोमवारी लेणी बंद असतात. गेटवेहून सकाळच्या पहिल्या लाँचपैकी एखादी घ्या, तासाभराचा प्रवास. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी असते, पुढे साधारण १२० पायऱ्या. त्यांच्यासाठी डोली मिळते. चार माणसं खुर्चीत बसवून वर नेतात, भाव आधी ठरवून घ्या. डोलीत बसायला सासूबाई संकोचतील, पण आग्रह करा. वीस फुटी सदाशिवासमोर त्या उभ्या राहतील तेव्हा तुम्हाला पटेल. मी माझ्या थोरल्या बहिणीला अशीच नेली होती, ती मूर्तीसमोर पुष्कळ वेळ बसून राहिली आणि परतीच्या लाँचमध्येही त्याच मूर्तीबद्दल बोलत होती. लाँचमागे कुरव (सीगल) पक्ष्यांचा थवा लागतो. लोक त्यांना गाठ्या आणि वेफर उडवून देतात, तुम्ही देऊ नका आणि भाचीलाही का नाही ते सांगा. तेलकट-खारट खाणं त्यांचं अन्न नाही. वर माकडं आहेत, पिशवीतली केळी बाहेर काढू नका. आणि हो, ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा हे नाव पडलं, तो आता भायखळ्याच्या राणीबागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

उजेडाचं असं आहे की नवी मुंबईच्या काठावर खाडी आपल्या पश्चिमेला येते. सकाळी ऊन पाठीमागून पडतं, पिसांचा रंग खुलतो. संध्याकाळी सूर्य समोर येतो आणि पक्षी काळे दिसतात. सकाळी भरती हवी असेल तर नवमी ते एकादशीचे दिवस निवडायचे, तेव्हा पावणेसात ते सव्वाआठच्या दरम्यान पाणी भरतं. तुमच्या तारखा ठरलेल्या आहेत, म्हणून सोमवारी साडेतीनच्या आत तळ्यावर पोहोचा. सूर्य तेव्हा बराच वर असतो. पाळीवरून थोडं चालून गेलं की तिरपा उजेड मिळेल अशी जागा सापडते. ड्रोन असेल तर घरीच ठेवायला सांगा. एकदा थवा बिथरला की सगळा उठतो, आणि भरतीला त्यांना जायला दुसरी जागा फारशी नसते. टाळ्या वाजवून पक्षी उडवणारे लोक दिसतील, त्यांना मी थांबवते, तुम्हीही थांबवा.

ठाण्याहून पनवेल लोकल धरा, सीवूड्सला थेट उतरता येतं. तिथून रिक्षा. रिक्षावाल्याला डीपीएस तळं किंवा एनआरआय (तिथली वसाहत) म्हणा, दोन्ही कळतं. टी. एस. चाणक्य या नौप्रशिक्षण संस्थेच्या बाजूलाही पाणथळ आहे, तळ्यावर पक्षी कमी असतील तर तिकडे बघा. सासूबाईंसाठी घडीची खुर्ची घ्या, पाळीवर सावली आणि बाक यांचा भरवसा नाही. पाणी आणि टोपी हवीच.

रोहितांवरच नजर खिळवू नका. काठाच्या पाण्यात गुलाबी काटकुळ्या पायांचे शेकाट्या असतात, वर वळलेल्या चोचीचा उचाट्या असतो, चपट्या चोचीने पाणी घुसळणारा चमचा असतो. सगळे थवे एकदम दचकून उठले तर वर बघा, बहुतेक दलदलीवरचा भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो. उशीर झाला तर खारफुटीतून कोल्ह्यांची कोल्हेकुई ऐकू येईल. सासूबाई लातूरच्या, त्यांना आवाज लगेच ओळखता येईल. शहरात कोल्हे आहेत हे इथल्याच कित्येकांना माहीत नाही.

दिवाळे_बंदर

सोमवारी षष्ठी म्हणजे पहाटेही साडेचारला भरती, तर सुकती पावणेअकराच्या आसपास. सकाळी बाजार बघून बंदरावर आलात तर उघडा गाळ आणि त्यावरचे तुतवार, चिखले असे छोटे पक्षी दिसतील. दुपारी जेवून तळ्यावर. दोन्ही एका दिवसात होतं, बेलापूर आणि सीवूड्स शेजारचीच स्टेशनं आहेत.

कळवेकर

ठरलं! शनिवारी ऐरोलीची होडी, आजच फोन केला. केंद्राने वेळ आदल्या दिवशी पक्की सांगू म्हटलंय. रविवारी घारापुरी, डोलीसकट. सोमवारी सकाळी दिवाळे, दुपारी साडेतीनला सीवूड्स. भाचीला सगळा धागा वाचून दाखवला. तिने तिथीची पाऊणपट वहीत लिहून घेतली आणि तिच्या वाढदिवसाला भरती किती वाजता येते तेही काढलं. एक प्रश्न तिचा: दुर्बीण विकत घ्यायची तर कुठली?

पाणथळ

तिला सांगा, आठ-बाय-बेचाळीस. आठपट मोठं दिसतं आणि लहान हातांतही फार हलत नाही. दहापटीची घेऊ नका, मुलांचे हात थरथरतात आणि पक्षी सापडतच नाही. पण विकत घेण्याआधी सोमवारी माझी वापरून बघू दे. मी साडेतीनपासून तळ्याच्या पाळीवर असेन, हिरवी छत्री आणि गळ्यात दुर्बीण. तिने छोट्या आणि मोठ्या रोहिताची चोच ओळखून दाखवायची आहे, एवढी तयारी करून आणा.